गोधडीचे ब्लॉक जुळावेत म्हणून: पुडीसोबतचं माहितीपत्रक

ताई, काकू, पुडी सोडण्याआधी हे पान एकदा वाचून घ्या. दहा मिनिटं जातील, पण नंतर उसवायला बसावं लागणार नाही.

पुडीत साडेतीन इंची २१६ छोटे चौकोन आणि साडेनऊ इंची २४ मोठे चौकोन आहेत. छोटे नऊ-नऊ जोडून २४ ब्लॉक करायचे आणि ते मोठ्या चौकोनांशी आलटून-पालटून लावायचे. आडवे सहा, उभे आठ. गोधडीचा वरचा थर साडेचार फूट बाय सहा फूट होतो, एका माणसाला पुरेल एवढा.

बऱ्याच जणी म्हणतात, "आमच्या आजीनं जन्मभर वाकळी शिवल्या, तिनं कधी टेप हातात घेतला नाही." खरं आहे. पण ती वाकळ वेगळी. खाली जुनं लुगडं अंथरायचं, वर तुकडे टाकत जायचं आणि धावदोरा घालत आत यायचं. तुकडा थोडा कमी-जास्त झाला तर शेजारचा त्याच्यावर चढायचा, फरक झाकून जायचा. ब्लॉकच्या गोधडीत कडेला कड लावून शिवण येते, चढवायला जागाच नसते. एका शिवणीत राहिलेली चूक पुढच्या शिवणीत जाते आणि शेवटी काठावर दिसते.

दोन सुतांची माया

या पुडीतल्या प्रत्येक शिवणीला पाव इंच माया (शिवणीबाहेर राहणारं कापड) धरली आहे, म्हणजे दोन सूत. छोटा चौकोन साडेतीन इंच कापलाय, शिवल्यावर तो तीन इंच दिसायला हवा. तीन चौकोनांची ओळ शिवल्यावर साडेनऊ इंच भरली पाहिजे, कारण शेजारी येणारा अखंड चौकोन साडेनऊचाच आहे.

आता समजा तुमची शिवण अर्धं सूत आत गेली. डोळ्याला हे दिसतही नाही. पण शिवणीच्या दोन्ही बाजूंनी अर्धं-अर्धं, म्हणजे एका शिवणीत एक सूत कापड जादा गेलं. ओळीत दोन शिवणी, म्हणून दोन सूत गेले. ब्लॉक सव्वानऊ भरला आणि शेजारचा चौकोन साडेनऊचाच राहिला. मग आपण काय करतो? ओढून जुळवतो. ओढलेला ब्लॉक त्या दिवशी बसल्यासारखा वाटतो. पहिल्या धुण्यानंतर तो आखडतो आणि शेजारचा चौकोन पुरीसारखा फुगतो.

सगळ्या शिवणी सारख्याच चुकल्या आणि मधे अखंड चौकोन नसले, तर गोधडी नुसती लहान होते, वाकडी होत नाही. खरा घोटाळा होतो तो अर्धे ब्लॉक तुम्ही आणि अर्धे लेकीनं, दुसऱ्या मशीनवर शिवल्यावर. एक गोधडी एकाच मशीनवर पूर्ण करा, हा आमचा आग्रह आहे.

आधी तीन पट्ट्या शिवा

पुडीत सगळ्यात वर मांजरपाटाच्या तीन पट्ट्या आहेत, दीड इंच रुंदीच्या. त्या उगाच दिलेल्या नाहीत. तिन्ही लांबीला एकमेकींना जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे, कमी नाही, जास्त नाही. तिन्ही मिळून साडेतीन इंच. मधली एक इंचाला कमी भरली तर तुमची माया मोठी आहे, जास्त भरली तर लहान.

मशीनवर खूण अशी करा. सुईखाली पोलादी पट्टी ठेवा आणि चाक हातानं हळू फिरवून सुईचं टोक पाव इंचाच्या रेघेवर आणा. पट्टीची कड जिथे येते तिथे मशीनच्या पाटीवर चिकटपट्टी लावा. दात्यांवर लावू नका, कापड सरकणार नाही. एवढं करूनही पहिल्या वेळी मधली पट्टी थोडी कमीच भरते, कारण शिवण एका बाजूला वळवली की घडीच्या वळणात एक-दोन धागे जातात. म्हणून चिकटपट्टी सुईकडे एक धागाभर सरकवा आणि पुन्हा शिवून बघा. दोनदा, तीनदा, जमेपर्यंत. मांजरपाट कमी पडलं तर दुकानातून आणखी घेऊन जा, त्याचे पैसे आम्ही घेत नाही.

पाव इंच मशीनच्या पायाच्या कडेनं मोजू नका. प्रत्येक मशीनचा पाय वेगळा असतो.

शिवताना

सुई १४ नंबरची, इंचात १० ते १२ टाके, दोरा सुती आणि बारीक. जाड दोऱ्यानं शिवण फुगते आणि मापातलं कापड खाते.

कापड ओढू नका. खालचं कापड दाते पुढे नेतात, वरचं पायाखाली दबून मागे राहतं. म्हणून दोन तुकड्यांत एखादा केसभर मोठा असेल तर तो खाली ठेवा, दाते त्याला आपोआप सामावून घेतात. आमच्या सासूबाई शिकवायला बसल्या की एकच सांगायच्या, "कापडाले ओढू नोको बाई, मशीन जाते तसं जाऊ दे."

शेवटच्या अर्ध्या इंचात हात सैल पडतो आणि शिवण बाहेर पळते. ब्लॉक न जुळण्याचं हे कारण आम्ही सगळ्यात जास्त वेळा पाहिलं आहे. टाचणी तिथेच लावा, कडेला.

इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची आणि उचलायची. पहिल्या ओळीच्या शिवणी उजवीकडे वळवा, दुसरीच्या डावीकडे, तिसरीच्या पुन्हा उजवीकडे. मग ओळी एकमेकींवर ठेवल्या की शिवणी समोरासमोर येऊन अडतात. बोटाच्या टोकाला ते लागतं, चौकात फट राहत नाही. लाइट गेली असेल तर कोळशाची इस्त्री चालते, फक्त आधी चिंधीवर फिरवून राख झटकून घ्या.

घरचं कापड घालायचं असेल तर

आईची साडी, बाबांचा सदरा गोधडीत हवाच, आम्हालाही ते आवडतं. पण सुती तेवढंच घ्या. ते आधी धुऊन घ्या, नाहीतर नंतर आटेल. जुनं पातळ फार मऊ झालेलं असतं, कात्रीखाली सरकतं. त्याला भाताच्या पेजेची खळ देऊन वाळवा, इस्त्री करा आणि मग कापा. आमच्या पुडीतलं कापड धुऊनच कापलेलं आहे. ते चौकोन शिवण्याआधी पुन्हा धुऊ नका, कडेचे धागे सुटतात.

कापताना काठाच्या धाग्याला धरून सरळ चला. उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी, आलेली कड ताणते. त्रिकोण जोडायचे असतील तर ही कड टाळता येत नाही, म्हणून दोन रंगांचे चार इंची चौकोन एकावर एक ठेवा, कोनाकोनी रेघ मारा, रेघेच्या दोन्ही बाजूंनी पाव इंचावर शिवा आणि मग रेघेवर कापा. दोन चौकोन मिळतात. ते साडेतीनला छाटून घ्या. हिशेबानं ३ इंच ७ सूतही पुरतं, पण ते एक सूत छाटायला ठेवलेलं बरं.

साचा जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा करा. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची कड वीस-पंचवीस वेळा खडू फिरला की झिजते. कापडी टेप वापरून ताणलेला असतो, चौकोन कापायला तो घेऊ नका.

आमची चूक

पहिल्या वर्षी आम्ही दोघी जावा आठ-आठ थर एकावर एक ठेवून कात्रीनं कापत होतो. वरचा चौकोन बरोबर यायचा, तळाचा सरकलेला. दिग्रसकडच्या एका ताईंनी गोधडी अर्धवट सोडून परत आणली, आपला हात वाईट आहे असं त्या समजून बसल्या होत्या. मोजलं तर चौकोनच सूतभर तिरपे होते. त्यांना नवी पुडी दिली. त्या दिवसापासून चारच थर ठेवतो आणि प्रत्येक गठ्ठ्यातला तळाचा चौकोन मोजतो.

तरीही एखादा चौकोन अर्ध्या सुतापेक्षा जास्त चुकलेला आढळला तर न शिवता परत आणा, बदलून देऊ. पहिला ब्लॉक झाला की बाजाराच्या दिवशी सोबत घेऊन या. पोलादी पट्टीवर मोजू, आणि कमी भरला तर कोणती शिवण उसवायची ते तिथेच दाखवू.