निर्वाणीचा खलिता

एका राज्याने दुसऱ्या राज्याकडे लेखी मागण्या पाठवून, ठरलेल्या मुदतीत त्या मान्य न झाल्यास बळाचा वापर करू असे बजावणे, यास निर्वाणीचा खलिता म्हणतात. वृत्तपत्रांत त्यासाठी ‘अल्टिमेटम’ हा शब्दही रूढ आहे. १९०७ च्या हेग कराराने युद्धापूर्वी सकारण घोषणा किंवा असा खलिता देणे बंधनकारक केले. समोरच्यास विचाराला अवधी मिळावा हा मुदतीचा खरा उपयोग; पण नकार मिळावा याच हेतूने मुदत घातली जाते, तेव्हा मुत्सद्देगिरी तिथेच संपलेली असते.

बेळगाव-धारवाड रस्त्यावरील कित्तूरचा प्रसंग या भागातील वाचकांना जवळचा आहे. सप्टेंबर १८२४ मध्ये कित्तूरचे अधिपती देसाई शिवलिंगरुद्र सर्जा निपुत्रिक वारले. त्यांनी घेतलेल्या दत्तकाविषयी धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने संशय धरला, खजिन्यावर मोहर लावली आणि राणी चन्नम्मांचे म्हणणे मान्य केले नाही. २३ ऑक्टोबरला किल्ल्याचा दरवाजा उघडत नाही असे पाहून तो तोफेने उडविण्याची धमकी त्याने दिली. तेव्हा आतले सैन्य बाहेर पडले, लढाईत थॅकरे मारला गेला, आणि डिसेंबरात मोठी फौज आणून इंग्रजांनी कित्तूर घेतले. दत्तकाचा प्रश्न मुळात कागदपत्रे तपासून सुटण्याजोगा होता, हे येथे मुद्दाम नोंदविले पाहिजे.

याच चुकीचे सर्वांत भीषण रूप जुलै १९१४ मध्ये दिसले. २८ जून रोजी सारायेव्हो येथे ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड याची हत्या झाली आणि ऑस्ट्रियाने तिचा ठपका शेजारच्या सर्बियावर ठेवला. ५ जुलैला जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म याने ऑस्ट्रियाला पूर्ण पाठिंब्याचे वचन दिले, आणि मित्राला आवरण्याचे जे साधन जर्मनीच्या हाती होते ते त्याने आधीच देऊन टाकले. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष प्वांकारे तेव्हा रशियाच्या भेटीवर जायचे होते. ते तेथे असताना सर्बियाला द्यायचा खलिता पोचल्यास फ्रान्स आणि रशिया ही दोन्ही मित्रराष्ट्रे समोरासमोर बसून धोरण ठरवतील, म्हणून ते परत निघेपर्यंत ऑस्ट्रियाने तो रोखून धरला. २३ जुलैच्या संध्याकाळी सहा वाजता ऑस्ट्रियाचा राजदूत गीझ्ल याने तो सर्बियाच्या राजधानीत, बेलग्रेडमध्ये, दिला. मागण्या दहा होत्या आणि मुदत ४८ तासांची.

सर्बियाचे पंतप्रधान पाशिच निवडणूक प्रचारासाठी राजधानीबाहेर होते. त्यांना परत बोलावण्यात आले आणि २५ जुलैला मुदत संपत असताना उत्तर घेऊन ते स्वतः दूतावासात गेले. बहुतेक मागण्यांना सर्बियाने मान तुकविली होती. आपल्या भूमीवरील न्यायालयीन चौकशीत ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांना सहभागी करून घेणे मात्र त्याने नाकारले. गीझ्लने उत्तर वाचले, संबंध तुटल्याचे कळविले आणि अर्ध्या तासात तो रेल्वेगाडीत बसला. त्याचे सामान आधीच बांधून तयार होते. उत्तर काय येणार याची त्याला खरोखर प्रतीक्षा असती, तर एवढ्या नम्र उत्तरावर बोलण्यासारखे पुष्कळ होते.

२८ जुलैला हे उत्तर वाचून विल्हेल्मनेच युद्धाचे कारण उरले नाही असा शेरा मारला. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारले. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री ग्रे यांनी चार राष्ट्रांच्या परिषदेची सूचना २६ जुलैलाच केली होती, पण जर्मनीने ती मान्य केली नाही. स्वतः ग्रे यांनीही बेल्जियमवर आक्रमण झाल्यास ब्रिटन लढेल हे वेळीच स्पष्ट सांगितले नाही, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तो त्यांचा मोठा दोष होय. ३० जुलैला सर्बियाच्या पाठीराख्या रशियाने संपूर्ण सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम काढला. जर्मन सेनापतींची योजना आगगाड्यांच्या वेळापत्रकावर बेतलेली होती: रशिया सज्ज होण्यापूर्वी बेल्जियममार्गे फ्रान्सचा पाडाव करायचा. त्यामुळे थांबून बोलणे म्हणजे युद्ध हरणे, अशी समजूत झाली. जर्मनीने रशियाला १२ तासांची मुदत दिली, २ ऑगस्टला बेल्जियमलाही १२ तासांचीच, आणि ४ ऑगस्टच्या रात्री ब्रिटनने जर्मनीला दिलेली मुदत संपून तेही युद्धात उतरले.

ब्रिटनबरोबर हिंदुस्थानही युद्धात ओढला गेला, तोही येथील लोकांना न विचारता. दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक समुद्रापार पाठविले गेले. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) लढल्या आणि डिसेंबर १९१५ पासून कूत अल-अमारा येथे तुर्की वेढ्यात अडकल्या. अन्न घटत गेले. अखेर घोडे आणि खेचरे मारून खावी लागली, आणि धर्मभावनेमुळे अनेक हिंदी सैनिकांनी ते मांस बराच काळ नाकारले. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. कैद्यांना उन्हातून वाळवंटात चालविण्यात आले, बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपण्यात आले, आणि त्यांतील पुष्कळजण परतले नाहीत. १९२२ मध्ये मराठा पलटणींची पुनर्रचना होऊन बेळगाव हे त्यांचे प्रशिक्षणकेंद्र झाले. कूतमध्ये कैद झालेल्या तिन्ही पलटणी तेव्हापासून त्याच रेजिमेंटच्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बटालियन म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.