सक्तमजुरीवर देखरेख कोणाची?

‘असाच वागलास तर खडी फोडायला जाशील’ हा धाक मराठी घरांतून आजही ऐकू येतो. त्यामागे खरा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनी सरकारचे कैदी तुरुंगाबाहेर, रस्त्यांवरच राबत. महाबळेश्वरच्या तुरुंगात तर चिनी आणि मलायी कैदी आणून ठेवले होते. तिथले रस्ते, बागा, बटाट्याची लागवड आणि वेतकाम यांत त्यांचे हात आहेत. हा तुरुंग १८६४मध्ये बंद झाला.

तोवर सरकारचे धोरण पालटू लागले होते. ज्या तुरुंग समितीत मेकॉले होता, तिने १८३८मध्ये रस्त्यावरच्या कामाला विरोध केला. कैद्याला चार भिंतींच्या आतच राबवावे आणि काम मुद्दाम कंटाळवाणे असावे, असे तिचे म्हणणे होते. पण नुसत्या कंटाळ्यातून सरकारच्या तिजोरीत काही पडत नाही. म्हणून पुढच्या काही दशकांत तुरुंगांचे कारखाने झाले. आग्र्याच्या कैद्यांनी विणलेला प्रचंड गालिचा विंडसरच्या राजवाड्यात गेला. १८७१मध्ये उभ्या राहिलेल्या येरवड्याच्या तुरुंगातही हातमाग, सुतारकाम, गालिचे असे उद्योग रुजले.

आजचा गुंता कळायचा असेल तर १८९४चा कारागृह अधिनियम नीट वाचायला हवा. कलम ३५ सांगते, की कैद्याकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घ्यायचे नाही. त्याला अपवाद फक्त तातडीच्या प्रसंगाचा, आणि तोही अधीक्षकाच्या लेखी परवानगीने. वैद्यकीय अधिकाऱ्याने काम करणाऱ्या प्रत्येक कैद्याचे वजन निदान पंधरवड्यातून एकदा त्याच्या पत्रकावर नोंदवायचे, आणि एखाद्या कामाने प्रकृती ढासळते आहे असे त्याला वाटले तर ते काम बदलायचे. मजुराच्या बाजूने कायद्याने ठेवलेला सर्वांत ठोस पहारेकरी म्हणजे हा वजनकाटा. दुसऱ्या बाजूला कामात जाणूनबुजून आळस करणे हा तुरुंगातला गुन्हा. त्याची चौकशी करणारा अधीक्षक, शिक्षा सुनावणाराही अधीक्षक, आणि कारखाना चालवण्याची जबाबदारीही त्याच्याचकडे. मालक आणि न्यायाधीश एकच माणूस असला की मजुराने दाद कोणाकडे मागायची? माझ्या मते या विषयातला मूळ प्रश्न हाच आहे, आणि सव्वाशे वर्षांत तो पुरता सुटलेला नाही.

वजनकाटा किती तोकडा पडतो, हे महाराष्ट्राने लगेच पाहिले. १८९७मध्ये लोकमान्य टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. मुंबईच्या तुरुंगात त्यांच्या वाट्याला काथ्याचे काम आले आणि त्यांचे वजन झपाट्याने उतरले. पुढे अंदमानच्या सेल्युलर जेलमधला कोलू तर सर्वांनाच ठाऊक आहे. ठरलेले तेल निघाले नाही तर शिक्षा, हा तिथला रोजचा हिशेब होता. १९१९-२०च्या भारतीय तुरुंग समितीने अखेर कैद्याची सुधारणा हे तुरुंगाचे उद्दिष्ट मानले.

ती सुधारणा कशी दिसू शकते, हे एका छोट्या संस्थानाने दाखवले. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३९मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत वसवली. मूळचे पोलंडचे असलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचा या प्रयोगात पुढाकार होता. इथे कैदी शेती करत, कुटुंबासह राहत. ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची प्रेरणा हीच. येरवड्याचे खुले कारागृह १९५६चे आणि पैठणचे १९६८चे, म्हणजे दोन्ही स्वतंत्रपूरच्या नंतरची. पहारा कमी केला म्हणून काम थांबत नाही, हे आटपाडीच्या माळावर तेव्हाच सिद्ध झाले होते.

स्वातंत्र्यानंतर तुरुंग हा विषय राज्यसूचीत राहिला. त्यामुळे मजुरीचे दर, कामाचे प्रकार, विक्री हे सगळे राज्य सरकार ठरवते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ने वेठबिगारीला बंदी घातली आणि १९८२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी दरात राबवणे म्हणजे वेठच, असे सांगितले. मग कैद्याचे काय? १९९८मध्ये गुजरातच्या प्रकरणात न्यायालयाने सक्तमजुरी वैध ठरवली, मात्र कामाला न्याय्य मोबदला द्यायलाच हवा असे बजावले. अन्नवस्त्राचा खर्च त्यातून कापता येईल, दर ठरवायला राज्यांनी स्वतंत्र मंडळ नेमावे आणि गुन्ह्यातल्या पीडितांसाठीही काही वाटा राखावा, असेही त्या निकालात आहे. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२३च्या वाढीनंतर कुशल कैद्याची रोजची मजुरी ७४ रुपये आणि अकुशलाची ५३ रुपये झाली. अन्नवस्त्राचा खर्च गृहीत धरूनही हे आकडे मनाला लागतात. कारण त्याच पैशांतून कैद्याला कँटीनमधल्या वस्तू घ्यायच्या असतात आणि घरी मनिऑर्डरही धाडायची असते.

मजुरीइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे कोणते काम कोणाला. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत सफाईचे काम ठरावीक जातींकडे आणि स्वयंपाक ‘वरच्या’ जातींकडे देणारी कलमे होती. न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली आणि नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितले. वसाहतकाळातल्या नियमांनी सक्तमजुरीतही जात जपली होती, आणि स्वातंत्र्यानंतर पंचाहत्तर वर्षे आपण ती खपवून घेतली.

देखरेखीच्या दृष्टीने त्या निकालातला आणखी एक आदेश मोलाचा आहे. अभ्यागत मंडळ ही जुनीच व्यवस्था. त्यात न्यायाधीश, जिल्हाधिकारी आणि काही अशासकीय सदस्य तुरुंग पाहायला येतात, वहीत शेरा लिहितात आणि तो शेरा अधीक्षकाच्या अभिप्रायासह वर जातो. म्हणजे इथेही मधला दुवा अधीक्षकच. आता जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि अभ्यागत मंडळ यांनी मिळून नियमित तपासणी करायची आणि जातीवर आधारलेले कामवाटप अजून चालू आहे का, हे स्वतः पाहायचे आहे. त्यासाठी त्यांना कारखान्याच्या हजेरीपटाबरोबर सफाईच्या आणि स्वयंपाकघरातल्या कामाच्या याद्याही मागाव्या लागतील, आणि कैद्यांशी अधिकारी समोर नसताना बोलावे लागेल.