इंडेक्स आहे, तरी क्वेरी संथ का?

एखादा रिपोर्ट उघडायला, म्हणजे त्यामागच्या क्वेरीला (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला) वेळ लागू लागला की ऐरोलीपासून अंधेरीपर्यंत कुठल्याही आयटी कार्यालयात पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘इंडेक्स टाका’. इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी, कोणती नोंद कुठे आहे ते सांगणारी सूची. सल्ला चुकीचा नाही. मात्र इंडेक्स टाकला म्हणजे डेटाबेस तो वापरणारच आणि वापरला म्हणजे काम झटपट होणारच, ही दोन्ही गृहीतके तपासून घ्यावी लागतात.

तपासणीसाठी पोस्टग्रेस हा मोफत मिळणारा डेटाबेस पुरेसा आहे. त्यात मुंबईतल्या एक कोटी काल्पनिक ग्राहकांचे टेबल केले आहे, असे समजू. पोस्टग्रेस माहिती 8192 बाइटच्या पानांमध्ये साठवतो. एका नोंदीला साधारण 100 बाइट धरले, तर एका पानात सुमारे 80 नोंदी मावतात आणि टेबल सव्वा लाख पानांचे होते. इंडेक्स नसताना एक ग्राहक क्रमांक शोधायचा, तर ही पाने पहिल्यापासून चाळत जावे लागते.

इंडेक्स बहुधा ‘बी-ट्री’ या रचनेत असतो. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्रेट यांनी बोइंग कंपनीत काम करताना ती मांडली आणि त्यांचा शोधनिबंध 1972 मध्ये प्रसिद्ध झाला. या झाडाच्या प्रत्येक पानात क्रमाने लावलेले आकडे आणि पुढच्या पानांचे पत्ते असतात. एका पानात तीनशे पत्ते धरले, तरी तीन पायऱ्यांत 300×300×300, म्हणजे 2 कोटी 70 लाख नोंदींपर्यंत पोहोचता येते. म्हणून ग्राहक क्रमांक शोधताना इंडेक्सची तीन आणि टेबलचे एक, अशी चार पाने वाचून काम भागते.

आता प्रश्न बदलू. 400028, म्हणजे दादर पश्चिम, या पिनकोडचे सगळे ग्राहक हवे आहेत आणि ते एकूण ग्राहकांच्या एक टक्का, म्हणजे एक लाख आहेत. एक टक्का नोंदींसाठी एक टक्का पाने लागतील, असे कोणालाही वाटेल. पण ग्राहक जसजसे आले तसतसे नोंदवले गेले असतील, तर दादरचे ग्राहक टेबलभर विखुरलेले असतात. एखाद्या पानातल्या 80 पैकी एकही नोंद दादरची नसण्याची शक्यता 0.99 चा 80 वा घात, म्हणजे सुमारे 0.45 येते. उरलेल्या 55 टक्के पानांत दादरचा किमान एक ग्राहक सापडतो, म्हणून एक टक्का माहितीसाठी जवळजवळ 69,000 पाने उघडावी लागतात! हेच टेबल पिनकोडच्या क्रमाने रचलेले असते, तर साधारण 1,250 पानांत काम झाले असते. इंडेक्स तोच आणि क्वेरीही तीच. फरक फक्त नोंदी कशा पडल्या आहेत याचा.

पोस्टग्रेसचा नियोजक, म्हणजे क्वेरी कोणत्या मार्गाने चालवायची ते ठरवणारा भाग, हा हिशेब आधीच मांडतो. सलग वाचलेल्या पानाचा खर्च तो 1 धरतो, तर इकडून तिकडे उडी मारून वाचलेल्या पानाचा 4. (हे आकडे बदलता येतात आणि एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क असेल तर 4 हा आकडा बरेचदा कमी करतात.) त्यामुळे विखुरलेल्या नोंदींसाठी तो अनेकदा मधला मार्ग काढतो: इंडेक्समधून आधी पानांची यादी करतो आणि मग ती पाने क्रमाने, प्रत्येकी एकदाच वाचतो. आणि ‘शहर = मुंबई’ असे विचारले, तर या टेबलात सगळेच मुंबईकर असल्यामुळे इंडेक्सकडे ढुंकूनही न पाहता तो सरळ टेबल वाचत सुटतो. ते योग्यच आहे.

म्हणून प्रत्येक कॉलमवर इंडेक्स टाकणे हे दुकानाच्या दारावर लिंबू-मिरची टांगण्यासारखे आहे, आणि लिंबू-मिरची निदान स्वस्त तरी असते. इंडेक्सची किंमत नवीन नोंद घालताना दरवेळी मोजावी लागते, कारण टेबलाबरोबर प्रत्येक इंडेक्सही अद्ययावत करावा लागतो.

खरी परीक्षा घड्याळाने घेऊ नये. तीच क्वेरी दुसऱ्यांदा चालवली की पाने मेमरीत तयार असतात आणि इंडेक्सचा काहीही संबंध नसताना वेळ घटतो. क्वेरीच्या आधी ‘एक्सप्लेन’ लिहिले की डेटाबेसने निवडलेला मार्ग दिसतो. सोबत ‘अ‍ॅनालाइझ’ आणि ‘बफर्स’ हे पर्याय दिले की क्वेरी खरोखर चालते आणि किती पाने लागली तेही कळते. नोंदींचा अंदाज आणि प्रत्यक्ष संख्या यांत मोठी तफावत असेल, तर दोष बहुधा डेटाबेसने टेबलाविषयी आधी गोळा करून ठेवलेल्या जुन्या आकडेवारीचा असतो. ती ‘अ‍ॅनालाइझ’ याच नावाच्या स्वतंत्र आज्ञेने ताजी करता येते.

आडनावांवर हा प्रयोग करण्याजोगा आहे. ‘पाट’ने सुरू होणारी आडनावे योग्य प्रकारच्या बी-ट्रीतून चटकन मिळतात, पण ‘कर’ने संपणारी मिळत नाहीत, कारण क्रम पहिल्या अक्षरापासून लावलेला असतो. त्यासाठी आडनाव उलटे करून त्यावर वेगळा इंडेक्स करावा लागतो. पाटणकर तिथे ‘रकणटाप’ होतो आणि ‘रक’ने सुरू होणाऱ्या नोंदी मागितल्या की सगळे ‘कर’ एका ओळीत सापडतात.