तलाकनंतर मेहेर आणि पोटगी : अर्ज कुठे, कोणत्या कागदांसह

‘इद्दतीचा खर्च दिला, आता माझं काही देणं लागत नाही,’ असं नवऱ्याकडून ऐकून कितीतरी बहिणी हक्क सोडून देतात. (इद्दत म्हणजे तलाकनंतर बाईने दुसरं लग्न न करता थांबायचा ठरावीक काळ.) कायदा तसं म्हणत नाही. १९८६ च्या मुस्लिम महिला (घटस्फोटावरील हक्क संरक्षण) कायद्याच्या कलम ३ प्रमाणे इद्दतीची पोटगी आणि पुढच्या आयुष्यासाठी वाजवी, रास्त तरतूद नवऱ्याने करायची असते. थकलेला मेहेर, म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची ठरलेली रक्कम, द्यायचा असतो. माहेरच्यांनी, सासरच्यांनी, मित्रमंडळींनी तिला दिलेला दागिना आणि भांडीकुंडीही तिचीच. मूल ती सांभाळत असेल, तर त्याच्या जन्मापासून दोन वर्षांचा खर्च या कायद्याने वेगळा मिळतो. डॅनियल लतिफी खटल्यात (२००१) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तरतूद इद्दतीच्या आत करायची, पण ती इद्दतीपुरती नसते. अर्ज लिहिताना भर यावरच द्या.

खुला, म्हणजे बायकोने स्वतः मागून घेतलेला तलाक, घेतलेल्या बाईलाही हा कायदा लागू होतो. मात्र खुलानाम्यात मेहेर सोडल्याचं लिहिलंय का, ते आधी वाचा.

अर्ज ती राहते त्या भागातल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायचा. तिची गरज, संसारातलं राहणीमान आणि नवऱ्याची ऐपत पाहून एका महिन्यात आदेश द्यावा, असं कायदा सांगतो. आदेश होऊनही विनाकारण पैसे थकवले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

दुसरा मार्ग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५. तो घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही खुला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. इथे तिला स्वतःचा निर्वाह करता येत नाही, हे दाखवावं लागतं. कौटुंबिक न्यायालय असलेल्या शहरात हा अर्ज तिथे जातो. तातडीची गरज असेल तर अंतरिम पोटगी मागायला विसरू नका. थकबाकीच्या वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो.

कागदांत निकाहनामा सगळ्यात मोलाचा, कारण मेहेरचा आकडा त्यातच असतो. हरवला असेल तर काझींच्या दप्तरातून नक्कल काढा. तलाकनामा किंवा नोटीस, आधार, मुलांचे जन्मदाखले, दागिन्यांची बिलं आणि लग्नातले फोटो जोडा. नवऱ्याची पगारपावती, दुकानाचा परवाना, सातबारा, जे मिळेल ते ठेवा. दोघांनीही मालमत्ता आणि उत्पन्नाचं शपथपत्र द्यायचं असतं. तेव्हा स्वतःची कमाईही खरी लिहा.

वकिलाच्या फीसाठी अडू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.