ऐतिहासिक युद्ध-गेममधील डावपेच
ऐतिहासिक युद्ध-गेममधील डावपेच : घडून गेलेल्या युद्धांवर बेतलेल्या व्हिडिओ गेममध्ये फौजेची हालचाल, रसद, भूप्रदेश आणि मनोधैर्य यांचे केलेले अनुकरण.

याचे मूळ काही जण चतुरंगापर्यंत नेतात. परंतु चतुरंगात दोन्ही बाजूंचे मोहरे उघड असतात आणि घोड्याला वैरण लागत नाही. जर्मनीतील हेल्विग यांचा १७८० चा युद्धखेळाचा पट आणि त्याहूनही राइसविट्झ पितापुत्रांचा प्रशियातील ‘क्रीगस्पील’ म्हणजे युद्धखेळ (१८१२, सुधारित १८२४) हा पूर्वज मानणे अधिक सयुक्तिक. त्यात दृष्टीआडची शत्रूची तुकडी पंच पटावर मांडतच नसे. न पाहिलेला मुलूख व शत्रू झाकणारे पडद्यावरचे धुके बहुधा तिथूनच आले.

मराठवाड्यापुरती या गेमची खरी कसोटी म्हणजे पालखेडची मोहीम. लढाईची तारीख काही ग्रंथांत २५, तर काहींत २८ फेब्रुवारी १७२८ अशी मिळते. नावसाधर्म्यामुळे नाशिककडील कादवा नदीवरच्या धरणाचे पालखेड हेच रणक्षेत्र समजले जाते. तथापि वैजापूरच्या पूर्वेचे, दौलताबादच्या वाटेवरचे पालखेड निजामाच्या परतीच्या मार्गाशी जुळते. पहिल्या बाजीरावाने जालन्याचा मुलूख लुटला, बऱ्हाणपूरची हूल दिली व तो गुजरातेत उतरला. निजाम पुण्यावर गेला, तेव्हा बाजीराव औरंगाबादच्या रोखाने वळला. अवजड तोफखाना मागे टाकून परतणाऱ्या निजामाचे पाणी व दाणावैरण पालखेडला तुटले. ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला.

‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये (२००९) मराठ्यांची बाजू घेता येते, मात्र त्यातील एक खेळी सहा महिन्यांची, म्हणजे ही सगळी धावपळ जेमतेम एका खेळीत संपते. बगल मारणे, पळापळ, दारूगोळा संपणे हे त्यात चांगले उतरले आहे. दमलेले घोडदळ मात्र नुसते उभे केले की ताजेतवाने होते, पाण्याचा थेंब न पिता. याच मालिकेतील ‘नेपोलियन’मध्ये (२०१०) बर्फात व वाळवंटात फौज झिजू लागली. ‘युरोपा युनिव्हर्सलिस ४’मध्ये (२०१३) प्रत्येक प्रांत ठरावीक फौजच पोसतो आणि मुलूख जाळताही येतो. लढाई फाशांवर असली तरी पालखेडच्या अधिक जवळ हाच जातो.

राक्षसभुवनला मराठ्यांशी झालेल्या लढाईत (१० ऑगस्ट १७६३) गोदेच्या पुराने निजामाची फौज दोन तीरांवर तुटली आणि दक्षिण तीरावर त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. टोटल वॉरच्या नकाशावरचे नदीचे उतार मात्र बाराही महिने चालू असतात.