फ्लोट ट्यूबच्या फिन्सच्या पट्ट्यांतील फेरबदल

फ्लोट ट्यूबमध्ये बसून मासेमारी करणारे पायांत फिन्स, म्हणजे पाणी मागे ढकलणारी रुंद पाती, घालतात. या फिन्सचा टाचेमागचा पट्टा बूट, पाय आणि पाणी यांना साजेसा करून घेण्यासाठी तो बदलला जातो, वाढवला जातो किंवा त्याला जोड दिली जाते.

फ्लोट ट्यूब हे एका माणसापुरते, हवा भरलेले तरंगते आसन आहे. सुरुवातीला ट्रकच्या चाकातल्या ट्यूबवर कापडी खोळ चढवून ते तयार करत. पुढे इंग्रजी यू आणि व्ही अक्षरांच्या आकाराच्या ट्यूबा आल्या. बसणाऱ्याचे पाय पाण्यात असतात, हात गळाच्या काठीत गुंतलेले असतात आणि ट्यूब पाठीच्या दिशेने सरकते ती फिन्सच्या जोरावर. एक फिन निसटली तर ट्यूब जागेवरच फिरू लागते, आणि किनाऱ्याकडून वारा सुटला असेल तर परतणे कठीण होते. म्हणून हा पट्टा सुरक्षेच्या साधनांतच मोजायला हवा.

अडचण मुळात मापाची असते. बऱ्याच फिन्स पोहणाऱ्यांच्या पातळ निओप्रीन (स्पंजासारख्या कृत्रिम रबराच्या) मोज्यांसाठी घडवलेल्या असतात. मासेमार मात्र जाड तळाचे, रुंद टाचेचे वेडिंग बूट, म्हणजे पाण्यातून चालण्याचे बूट, घालतो. मूळ रबरी पट्टा त्यावर कसाबसा ताणून बसतो आणि बुटाच्या गुळगुळीत कडेवरून वर सरकतो. ऊन आणि हवेतल्या ओझोनमुळे रबराला भेगा पडतात, त्या बहुधा बक्कलजवळच्या वळणावर आधी दिसतात. बक्कलमध्ये वाळू गेली तर थंडीने बधिर झालेल्या बोटांना ती उघडता येत नाही.

सर्वात खात्रीचा बदल म्हणजे पाणबुडे वापरतात तसा स्टेनलेस स्टीलचा स्प्रिंग पट्टा. तो टाचेवर सतत सारखा ताण ठेवतो आणि बक्कलची कटकटच संपते. मात्र त्याची लांबी बूट घालूनच मोजावी लागते. शिवाय उघड्या वेढ्यांत गळाची दोरी अडकू शकते, म्हणून स्प्रिंगवर आवरण असलेला पट्टा बरा. इलॅस्टिक दोरीचा पट्टा स्वस्तात आणि घरच्या घरी होतो, पण बारीक दोरी टाचेत रुतते. ती नळीतून किंवा निओप्रीनच्या पट्टीतून ओवली की दाब पसरतो. विणलेली पट्टी वापरायची असेल तर पॉलिएस्टरची घ्यावी. नायलॉन भिजल्यावर सैल पडते. पट्टी कापल्यावर टोक आचेवर वितळवून बंद करतात, नाहीतर धागे सुटत जातात.

टाचेमागे बोट अडकेल एवढी कडी शिवणे हा छोटा बदल आहे, पण तिच्यामुळे ट्यूबमध्ये बसल्या बसल्या पट्टा ओढता किंवा काढता येतो. पट्टीचे मोकळे शेपूट बाहेरच्या बाजूला वळवतात. आत राहिले तर दुसरी फिन त्यात अडकते.

या सगळ्यांपेक्षा महत्त्वाची असते ती घोट्याला बांधायची सुरक्षा-दोरी. पुष्कळ फिन्स पाण्यात बुडतात आणि खोल पाण्यात गेलेली फिन परत मिळत नाही. ही दोरी पट्ट्याला न बांधता फिनच्याच अंगाला बांधावी, कारण पट्टा तुटला तर त्याला बांधलेली दोरी निरुपयोगी ठरते. ती आखूड असावी, म्हणजे चालताना पायात येत नाही. भोक पाडायचे झाल्यास पट्टा जिथे अडकतो त्या खुंटीपासून दूर पाडतात. तिथले प्लास्टिक कमकुवत झाले तर फिनच मोडते.

नव्या पट्ट्याची चाचणी कमरेइतक्या पाण्यात, वेडर्स (पाणी आत न येऊ देणारी लांब विजार) आणि बुटांसह घेतात. जोराने पाय मारून, मग पाय झटक्याने मागे ओढून टाच निसटते का हे पाहिले जाते. पट्टा फार आवळला तर पाऊल बधिर होते, आणि थंड पाण्यात ते चटकन लक्षात येत नाही.