निचऱ्याच्या चरातून सुटणारे दोन वायू

उसाच्या बांधालगतच्या चरात काठी खुपसली की काळ्या गाळातून भसाभसा बुडबुडे येतात. त्यात मिथेन असतो. दुसरा वायू, नायट्रस ऑक्साइड, पाण्यात विरघळलेला असतो आणि वरच्या वर हवेत जातो. तो दिसत नाही.

मिथेन गाळात बनतो, जिथे ऑक्सिजन संपलाय आणि कुजायला पाचट, शेवाळ भरपूर आहे. नायट्रस ऑक्साइडचं मूळ मात्र खतात. युरियाचं नायट्रेट होतं, पाटपाण्याबरोबर मुळांखाली उतरतं आणि झिरपून चरात येतं. तिथले जिवाणू त्याचा टप्प्याटप्प्याने साधा नायट्रोजन करतात. पण नायट्रेट फार झालं किंवा थोडा ऑक्सिजन उरला, की शेवटचा टप्पा अडतो आणि गाडी नायट्रस ऑक्साइडवरच थांबते.

डिसेंबर ते फेब्रुवारीत लावलेल्या सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची (नायट्रोजनची) शिफारस आहे. आयपीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या, उत्सर्जन मोजण्याच्या २०१९च्या सुधारित पद्धतीनुसार त्यातलं २४ टक्के, म्हणजे ६० किलो, झिरपतं. झिरपलेल्या नत्रापैकी १.१ टक्का भूजल, चर, नदी, खाडी असा प्रवास करताना नायट्रस ऑक्साइड होतो. हे नत्र ०.६६ किलो; त्यात ऑक्सिजन धरला की वायूचं वजन भरतं साधारण १ किलो. शंभर वर्षांच्या मापाने तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट पृथ्वी तापवतो. कोरड्या हवामानात ठिबक असेल तर हीच पद्धत झिरपणं शून्य धरते. चर-कालव्यांच्या मिथेनचा तिचा आकडा हेक्टरी वर्षाला ४१६ किलो. म्हणजे १ मीटर रुंद, १०० मीटर लांब चरातून सुमारे ४ किलो. अर्थात ही जागतिक सरासरी; उन्हाळ्यात आटणाऱ्या चराला ती जशीच्या तशी लावू नये.

मोजायला पाण्यावर तरंगती, उलटी बादली पुरते. कडेला फोम, वर रबरी बूच, बाहेरून चकचकीत फॉइल, नाहीतर उन्हाने आतली हवा तापते. ०, १०, २०, ३० मिनिटांनी सिरिंजने नमुने घ्यायचे. वायू सरळ रेषेत वाढला तर मोजणी धड. मधेच उडी दिसली तर बुडबुडा घुसलाय. बहुतेक वेळा तो मोजणाऱ्याच्याच पायाने उठवलेला असतो, म्हणून चरात न उतरता काठावरूनच, आडव्या फळीवरून काम करावं. फक्त सकाळी मोजून दिवसाचा आकडा काढणंही चुकीचं, कारण पाणी तापलं की गाळ जोरात काम करतो.

युरिया हप्त्यांनी द्यावा, पाचट चरात लोटू नये. चर आटला की गाळ काढावा. पण तो काठावरच रचला तर पहिल्या वळवात परत आत येतो. शेतात पसरून टाकलेला बरा.